स्कोपी स्वच्छ, तरी जुलाब का? इलियम काढल्यानंतरचं पित्त आणि जिवाणू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा दीर्घकाळ चालणारा आजार) आहे. आतडं अरुंद झाल्यामुळे सात महिन्यांपूर्वी लहान आतड्याचा शेवटचा भाग (इलियम) आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) काढलं, पॅथॉलॉजीच्या अहवालात इलियमची लांबी ३८ सेंमी लिहिली आहे. गेल्या महिन्यातल्या स्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) आतड्याच्या जोडाची जागा स्वच्छ होती, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) ६० आलं. तरी दिवसाला सात-आठ वेळा पातळ, पिवळट-हिरवी, आग करणारी संडास होते आणि नाश्ता झाला की पंधरा मिनिटांत पळावं लागतं. आजार उलटला असं समजून इंजेक्शनची मात्रा वाढवावी का, की बाजारात मिळणारे ‘चांगले जिवाणू’ द्यावेत?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी दोन्ही नको. हे चित्र आजार उलटल्याचं कमी आणि पित्त गळून मोठ्या आतड्यात जाण्याचं जास्त वाटतं. जोड स्वच्छ आणि कॅलप्रोटेक्टिन ६० असताना नुसत्या जुलाबांसाठी बायोलॉजिक (म्हणजे ते इंजेक्शन) वाढवलं, तर खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढेल, संडासच्या फेऱ्या मात्र तेवढ्याच राहतील.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी. ते जठरातलं आम्ल. आपण बोलतोय ते यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या खऱ्या पित्ताबद्दल, आणि त्यातही पित्ताम्लांबद्दल. त्यामुळे भाऊ ‘पित्ताची गोळी’ म्हणून पँटोप्राझोल घेत असेल तर या जुलाबांवर तिचा काही उपयोग नाही. उलट जठरातलं आम्ल दाबल्याने लहान आतड्यात जिवाणू वाढायला वाव मिळतो, म्हणून वेगळं कारण नसेल तर ती चालू ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा.

पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं. मुख्य दोन: कोलिक आणि चिनोडीऑक्सिकोलिक. बाहेर सोडण्यापूर्वी यकृत त्यांना ग्लायसीन किंवा टॉरीन जोडतं, म्हणजे ती पाण्यात विरघळतात आणि लहान आतड्याच्या भिंतीतून वाटेतच शोषली जात नाहीत. शरीरात यांचा साठा फार तर तीन-चार ग्रॅम. पण एवढ्याशा साठ्यावर दिवसभराचं तेल-तूप पचतं, कारण तोच साठा दिवसातून अनेकदा फिरतो: यकृत, पित्ताशय, आतडं, पुन्हा यकृत. परत उचलून घेण्याचं काम जवळजवळ सगळं इलियमच्या शेवटच्या टप्प्यात होतं. तिथे सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं शोषली जातात. मोठ्या आतड्यात जातात ती उरलेली, आणि रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास शौचातून बाहेर पडतात तेवढीच यकृत नव्याने बनवतं.

भावाचा नेमका तोच टप्पा काढला गेला आहे. आता दोन गोष्टी एकदम बिघडतात. उचलणारी जागा कमी झाल्याने पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथल्या अस्तराला क्षार-पाणी आत घेण्याऐवजी बाहेर टाकायला लावतात. हिरवट-पिवळा रंग, गुदद्वाराशी आग आणि ‘थांबवताच येत नाही’ ही घाई त्यातून येते. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. इलियम पित्ताम्लं शोषताना यकृताला निरोप पाठवतो, एफजीएफ-१९ नावाच्या संप्रेरकामार्फत: पुरे झालं, आता नवं बनवू नकोस. इलियम गेला की हा निरोप क्षीण होतो आणि यकृत काही पटींनी जास्त पित्ताम्लं बनवायला लागतं. गळती वाढलेली आणि नळही जोरात सोडलेला. रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त पहिल्या खाण्याबरोबर एकदम सुटतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ नाश्त्यानंतरची. तुम्ही लिहिलेली पंधरा मिनिटं यात चपखल बसतात.

लांबीचा आकडा इथे फार महत्त्वाचा आहे. इलियम साधारण १०० सेंमीपेक्षा कमी गेला असेल तर यकृत जास्त बनवून तूट भरून काढतं. चरबी बऱ्यापैकी पचते आणि त्रास मुख्यतः पाण्यासारख्या जुलाबांचा असतो. १०० सेंमीच्या पलीकडे गेलं की यकृताची दमछाक होते, साठाच आटतो आणि चरबी न पचता बाहेर येते. अशी शौच चकचकीत, चिकट, उग्र वासाची असते, भांड्याला धरून बसते, पाणी ओतूनही जात नाही. दोन्हींना लोक ‘जुलाब’च म्हणतात, पण उपचार उलटे आहेत. पहिल्यात पित्त बांधणारं औषध द्यायचं. दुसऱ्यात तेच औषध दिलं तर उरलंसुरलं पित्तही हातचं जातं आणि रुग्ण खंगतो.

३८ सेंमी हा आकडा पहिल्या गटातला, पण एक खातरजमा करा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं आतडं आकसतं, त्यामुळे पॅथॉलॉजीच्या अहवालातली लांबी शस्त्रक्रियेच्या टिपणातल्या लांबीपेक्षा कमी भरू शकते. शस्त्रक्रियेचं टिपण मागून घ्या. पूर्वी एखादं ऑपरेशन झालं असेल तर तेव्हा काढलेली लांबी यात मिळवा. उरलेल्या इलियमला सूज असेल तर तो भागही पित्त नीट उचलत नाही, तेव्हा लांबीइतकाच त्याचा दर्जाही बघावा लागतो. आपल्याकडे इलियोसीकल (लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथल्या) टीबीमुळे याच जागेचं ऑपरेशन झालेले पुष्कळ लोक आहेत. क्रोन्सचं निदान कधीच झालेलं नसताना त्यांचे जुलाबही याच कारणाने रेंगाळलेले असू शकतात.

औषध सुरू करण्यापूर्वी काय काय झालेलं हवं? सीआरपी (सुजेची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). शौचाची क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल (अँटिबायोटिकनंतर माजून जुलाब लावणारा जिवाणू) तपासणी, विशेषतः गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक झालं असेल तर. कॅलप्रोटेक्टिन ६० हा आकडा करड्या पट्ट्याच्या सुरुवातीचा. साधारण ५०च्या आत निर्धास्त, २५०च्या वर सूज गृहीत धरायची, मधल्या आकड्यांना स्कोपीची जोड लागते आणि ती तुमच्याकडे आहे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी हा आकडा उगाच चढतो. क्रोन्समध्ये त्या गोळ्या तशाही टाळाव्यात.

पित्ताचे जुलाब थेट मोजण्याच्या तपासण्या आहेत. सेहकॅटमध्ये किरणोत्सारी सेलेनियम जोडलेलं कृत्रिम पित्ताम्ल गिळायला देतात आणि सात दिवसांनी त्यातलं किती अंगात उरलं ते मोजतात. १५ टक्क्यांच्या खाली म्हणजे गळती, ५च्या खाली म्हणजे जोराची गळती. ती युरोपातल्या काही देशांत रुळली आहे. रक्तातली सी-४ चाचणी यकृत किती वेगाने पित्ताम्लं बनवतंय ते सांगते. तिचा आकडा दिवसभर वरखाली होतो, म्हणून सकाळी उपाशीपोटीच रक्त द्यायचं. यातलं हाताशी काही नसेल तर औषध देऊन बघणं हीच तपासणी, आणि भावाच्या बाबतीत हेच कारण असण्याची शक्यता आधीच इतकी जास्त आहे की ते गैर नाही.

घरी कळेल अशी एक खूण म्हणजे पोट रिकामं राहिलं की हे जुलाब बरेच कमी होतात, कारण पित्ताशय आकुंचन पावत नाही. मात्र उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे! तुपातली, शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी पित्ताशयाला नाश्त्यापेक्षाही मोठी हाक मारते.

आता औषध. कोलेस्टिरामाइनची ४ ग्रॅमची पुडी मिळते. ही पावडर शोषली जात नाही, आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवते आणि त्यांच्यासकट बाहेर पडते. पूर्ण मात्रेने सुरुवात केली की पोट फुगतं, मळमळतं आणि माणूस चौथ्या दिवशी पुडी कोनाड्यात ठेवून देतो. म्हणून पहिले तीन दिवस अर्धी पुडी, नाश्त्याच्या थोडं आधी. जमलं तर एक पूर्ण. गरजेप्रमाणे दुसरी पुडी रात्रीच्या जेवणाआधी. बहुतेकांचं एक-दोन पुड्यांत भागतं.

पावडर कोरडी तोंडात टाकायची नाही, ठसका लागतो. अर्धा कप पाणी, पातळ ताक किंवा फळाचा रस घ्या, पावडर वरून भुरभुरा, मिनिटभर भिजू द्या, मग ढवळा. ती विरघळत नाही, वाळूसारखी कचकच राहते, तेव्हा ‘गुठळ्या राहिल्या’ म्हणून पुडी फेकू नका. सोडा किंवा कोल्ड्रिंकमध्ये घालू नका, फसफसून उतू जातं. घोट तोंडात घोळवत बसू नका, दातांच्या वरच्या थराला ते बरं नाही. प्यायल्यावर पेल्यात पुन्हा थोडं पाणी घालून तेही प्या, कारण बरीचशी पावडर पेल्याच्या तळालाच बसलेली असते.

उपचार फसतात ते बहुधा वेळापत्रकावर. ही पावडर पित्ताबरोबर इतर औषधंही पकडते: थायरॉक्सिन, वॉर्फरिन, डिगॉक्सिन, गर्भनिरोधक गोळ्या, मेथोट्रेक्सेट, ब्युडेसोनाइड, अर्सोडीऑक्सिकोलिक, शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं. नियम असा की इतर औषधं पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. साडेसातला पुडी असेल तर सकाळच्या गोळ्या सहाला उरकायच्या, बाकीच्या दुपारी एक-दोननंतर. दुसरी पुडी रात्री असेल तर हीच मोजणी पुन्हा करावी लागते. ब्युडेसोनाइड आणि पुडी एकदम घेऊन ‘स्टिरॉइड लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर दोष स्टिरॉइडचा नसतो.

कोलेस्टिरामाइन सोसवत नसेल तर कोलेसेवेलाम. ६२५ मिग्रॅच्या गोळ्या, जेवणाबरोबर दोन, हळूहळू वाढवत दिवसाला सहापर्यंत. गोळ्या मोठ्या आणि महाग, पण पोटाला सौम्य, आणि इतर औषधांत ढवळाढवळ कमी करतात. २०२२ साली डेन्मार्कमधल्या एका चाचणीत पित्ताच्या जुलाबांसाठी लिराग्लुटाइड हे इंजेक्शन कोलेसेवेलामपेक्षा सरस ठरलं. ते भूक आणि वजन कमी करतं, त्यामुळे आधीच हडकलेल्या क्रोन्सच्या रुग्णाला देण्यापूर्वी दहादा विचार करावा लागेल.

दोन आठवडे वही ठेवा: तारीख, किती वेळा, पातळ की घट्ट, रात्री उठावं लागलं का. फरक पडायचा असेल तर तो बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो. सात-आठवरून दोन-तीनवर आलं तर निदान पक्कं समजा. शौच चिकट, तेलकट व्हायला लागली तर पुडी थांबवा आणि शौचातली चरबी तपासा. पोट गच्च होऊन उलट्या, कळा सुरू झाल्या, वायू सरेना, तर वाट न बघता दवाखाना गाठा. आतडं अरुंद असलेल्यांत ही पावडर अडकू शकते. भावाचा जोड स्कोपीत मोकळा दिसला आहे, म्हणून सुरुवात करायला धीर येतो.

काहीच फरक नाही पडला तर पुढचा संशयित म्हणजे लहान आतड्यातली जिवाणूंची वाढ. सीकमबरोबर लहान-मोठ्या आतड्यांमधली झडपही गेली, त्यामुळे मोठ्या आतड्यातले जिवाणू वर चढतात. ते पित्ताम्लांना जोडलेलं ग्लायसीन-टॉरीन नको त्या जागी तोडतात, आणि तुटलेली पित्ताम्लं चरबी पचवण्याच्या कामाची राहत नाहीत. जेवणानंतर तास-दोन तासांत फुगणं आणि गुरगुर जास्त असेल तर श्वासाची हायड्रोजन चाचणी किंवा रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकचा दोन आठवड्यांचा कोर्स, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

आता जिवाणूंकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा तो भाग खरोखर रंजक आहे, फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. मोठ्या आतड्यात पित्ताम्लांवर दोन टप्प्यांत काम होतं. पहिला टप्पा ग्लायसीन-टॉरीनचा जोड तोडण्याचा, तो लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स असे कितीतरी जिवाणू करतात. दुसरा टप्पा रेणूच्या सातव्या जागेवरचा हायड्रॉक्सिल गट काढण्याचा. तो करणारे बोटांवर मोजण्याइतके, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स आणि त्याचे काही भाऊबंद. त्यांच्या हातून कोलिकचं डीऑक्सिकोलिक आणि चिनोडीऑक्सिकोलिकचं लिथोकोलिक होतं. यांना दुय्यम पित्ताम्लं म्हणतात. अस्तरातल्या आणि रोगप्रतिकारक पेशींवरच्या टीजीआर-५सारख्या संदेश घेणाऱ्या जागांना (रिसेप्टरना) ती चिकटतात आणि दाह आवरतात.

आतड्याच्या दाहाच्या आजारात ही साखळी दुसऱ्या टप्प्यावर तुटते. २०१३ साली पॅरिसच्या गटाने दाखवलं की आजार भडकलेला असताना शौचात दुय्यम पित्ताम्लं कमी, जोड न तुटलेली आणि सल्फेट लागलेली जास्त असतात, आणि सल्फेट लागलं की दाह आवरण्याचा गुण जातो. स्टॅनफर्डमधून २०२० साली आलेलं काम मला जास्त आवडतं, कारण तुलना हुशारीने निवडली होती. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी केलेले दोन प्रकारचे लोक घेतले: एकांचं आतडं अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या दाहाचा आजार) गेलेलं, दुसऱ्यांचं आनुवंशिक पॉलिपच्या आजारामुळे. ऑपरेशन तेच, पण कोलायटिसवाल्यांच्या पिशवीत दुय्यम पित्ताम्लं आणि ती बनवणारे रुमिनोकोकेसी कुळातले जिवाणू कमी निघाले. पिशवीची सूजही याच लोकांना जास्त येते. हार्वर्डच्या गटाने २०१९मध्ये उंदरांत दाखवलं की लिथोकोलिकपासून होणारे दोन रेणू रोगप्रतिकारक पेशींचा तोल बदलतात. एक दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशी रोखतो, दुसरा दाह आवरणाऱ्या नियामक पेशी वाढवतो.

मग हे जिवाणू विकत का आणू नयेत? एक तर दुकानातल्या कॅप्सूल आणि दह्यातले लॅक्टोबॅसिलस-बायफिडोबॅक्टेरियम पहिल्या टप्प्याचे कामगार आहेत. तिथे माणसं कमी पडलेलीच नाहीत. कमतरता दुसऱ्या टप्प्याची, आणि तिथले जिवाणू ऑक्सिजनने मरतात. दुसरं, कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सुटलेलं नाही. जुलाब असले की अन्नरस भराभर पुढे सरकतो, जिवाणूंना काम करायला वेळ मिळत नाही, मोठ्या आतड्यातली आम्लताही बदलते. म्हणजे दुय्यम पित्ताम्लं कमी असणं हा निव्वळ जुलाबांचाही परिणाम असू शकतो. आणि तिसरं भावापुरतं सर्वांत महत्त्वाचं: त्याच्या मोठ्या आतड्यात आत्ता पित्ताम्लांचा पूर आलेला आहे. डीऑक्सिकोलिक आणि चिनोडीऑक्सिकोलिक हीच दोन पाणी सोडायला लावण्यात अट्टल. दाह आवरणारी म्हणून ‘बाइल सॉल्ट’च्या कॅप्सूल घेतल्या तर जुलाब आणखी वाढतील. शौचातल्या जिवाणूंचा रंगीत तक्ता देणारे खासगी अहवालही नकोत. त्यातून आज कुठलाही उपचार ठरत नाही.

हे ज्ञान आत्ता उपयोगी पडतं ते अँटिबायोटिकच्या बाबतीत. सर्दी-खोकल्याला घेतलेला एक कोर्स दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू झोपवतो. डीऑक्सिकोलिक डिफिसिलची वाढ दाबतं, तर टॉरीन जोडलेलं कोलिक त्याच्या बीजाणूंना रुजायला मदत करतं. जिवाणू गेले की पहिलं कमी होतं, दुसरं वाढतं आणि डिफिसिलला रान मोकळं मिळतं. क्रोन्स-कोलायटिसवाल्यांना हा संसर्ग तसाही जास्त होतो. तेव्हा अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी आजार सांगायचा. विष्ठारोपणावर (निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडणं) आपल्या देशातही चांगलं काम झालं आहे, दिल्लीच्या एम्सच्या नेतृत्वाखाली आणि लुधियानात, पण ते अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी. भावाच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आहारात एकदम सगळं बंद करू नका. चरबी तीनही जेवणांत विभागून घ्या, एका वेळच्या तळणावर आळा घाला. तुपाबद्दल विचाराल म्हणून सांगतो: २०१२ साली शिकागोत कोलायटिसप्रवण उंदरांना दुधातली चरबी दिली तेव्हा टॉरीन जोडलेलं पित्त वाढलं, त्यातल्या गंधकावर जगणारा बायलोफिला वाड्सवर्थिया माजला आणि कोलायटिस वाढला. करडईच्या तेलावर तसं झालं नाही. पण ते खास पैदास केलेले उंदीर होते. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला एवढ्यावरून आरोपी करू नका.

मुतखड्याकडे मात्र लक्ष ठेवा. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम अडवते. एरवी ऑक्झलेटला बांधून बाहेर नेणारं कॅल्शियम मोकळं राहत नाही, आणि मोठं आतडं शाबूत असलेल्यांत ते ऑक्झलेट शोषलं जाऊन मूत्रपिंडात उतरतं. भावाची चरबी आज बरी पचत असली तरी पालक, अळू, बीट, शेंगदाणे आणि कडक चहा यांचा मारा एकाच दिवशी नको. कॅल्शियमची गोळी असेल तर ती जेवणाबरोबर घ्यायची, ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या टाळायच्या आणि लघवी फिकट राहील इतकं पाणी प्यायचं. इलियम २० सेंमीपेक्षा जास्त गेला की बी-१२ कमी पडण्याची शक्यता असते, कारण तेही तिथेच शोषलं जातं. तपासा, आणि कमी आलं तर इंजेक्शन.

पुडी लागू पडली तर दोन-तीन महिन्यांनी मात्रा कमी करून बघा, काहींचं उरलेलं आतडं तोवर सावरतं. परत जुलाब लागले तर आधीच्या मात्रेवर या, त्यात हरल्यासारखं काही नाही. दीर्घकाळ घ्यावी लागली तर वर्षातून एकदा ड जीवनसत्त्व, ट्रायग्लिसराइड आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) करा. के जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर सहज काळे-निळे डाग उठतात, आणि त्याचा दोष भलत्याच औषधाला दिला जातो. जुलाब थांबले म्हणून पुढची ठरलेली स्कोपी मात्र टाळू नका. जोडावरचा आजार सुरुवातीला काहीच लक्षण न देता परत येतो, आणि पुडीचा त्याच्याशी काही संबंध नाही.